एक्स्टेन्शन ट्यूब लावली की सगळं काळं दिसतंय – मदत हवी आहे (आजच!)

रानवाट: किड्यांचे जवळून फोटो काढायला स्वस्तातली एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणारी पोकळ नळी) मागवली. बसवली तर व्ह्यूफाइंडर जवळजवळ काळा. ऑटोवर क्लिकच होत नाही. दोनदा पुसून लावली, तेच. खराब आली का? उद्यापर्यंत थांबता येणार नाही.

घाटमाथा: कॅमेरा कोणता, लेन्स कोणती, ट्यूबला कॅमेरा-लेन्स जोडणाऱ्या विजेच्या पिना आहेत का? त्याशिवाय काय सांगणार?

मृगसरी: पिना नसतील तर लेन्स आधी थेट बॉडीवर लावा, अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेडाचं भोक, एफ/८ ठेवा, डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यूचं (फोटोआधीच भोक तेवढं करून दाखवणारं) बटण दाबून धरा आणि तशीच काढा. भोक लहानमोठं करणाऱ्या पाकळ्या तिथेच राहतात. आंबोलीत पाच पावसाळे असंच काढतेय.

घाटमाथा: ही युक्ती कॅननची. कॅननच्या पाकळ्या पिनांशिवाय उघड्या राहतात, काळं दिसत नाही. हे निकॉन असणार.

अण्णा६४: मोबाइलला क्लिपची लेन्स लावा. नातवाने मुंगीचे सुंदर फोटो काढलेत.

रानवाट: मोबाइल नको हो. निकॉन डी३२००, १८-५५ किट. पिना नाहीत. कढीपत्त्यावर हिरवी अळी आहे, सकाळपासून खात नाही, नुसती फिरतेय.

घाटमाथा: हे आधी सांगायचं! ट्यूब चांगली आहे. या लेन्सला अ‍ॅपर्चर रिंग नाही. मागची छोटी पट्टी बॉडीच्या ताब्यातून सुटली की पाकळ्या पार मिटतात. पट्टी अर्धी सरकवून कागदाची घडी खोचा, घट्ट, आत पडता कामा नये. मोड एम (सगळं हाताने). उजेड मोजणारं मीटर चालणार नाही, एकेक फोटो बघून शटरचा वेळ बदला. झूम ५५ वर. १८ वर फोकस लेन्सच्या काचेतच येतो. ट्यूबच्या तिन्ही रिंगा नको, एकच.

हिरवाई: या अळ्या झाड फस्त करतात. कडुनिंबाचं तेल फवारा.

मृगसरी: फवारणी कोणी विचारली? ती कॉमन मॉरमॉन फुलपाखराची अळी दिसतेय, पोट रिकामं करून कोषासाठी जागा शोधतेय. बोट लावू नका, लाल शिंग काढेल. आणि ट्यूबपेक्षा रेनॉक्स २५० (लेन्सपुढे अडकवायची जोडलेन्स) घ्या, तुमच्या लेन्सच्या ५२ मिमी तोंडाला बसते, मीटरही चालतं.

घाटमाथा: आज हातात ट्यूब आहे ना! कुरियर येईपर्यंत अळी थांबणार आहे का?

हिरवाई: माझं रोप दोनदा बोडकं झालंय म्हणून सांगितलं.

रानवाट: दिसली!! कागद बसला. डोकं स्पष्ट, बाकी धूसर. फ्लॅश उघडला तर खाली लेन्सची सावली पडते.

घाटमाथा: फ्लॅशपुढे बटर पेपर पुढे झुकवून चिकटवा, शटर १/२०० ठेवा. कॅमेरा अळीच्या अंगाला समांतर धरा, समोरून नको.

मृगसरी: आणि फोकस रिंगेने नाही, स्वतः पुढेमागे झुकून साधा.

रानवाट: कुंडीच्या काठावर थांबलीय, कमरेभोवती धागा घेतेय. जातो.