मदत हवी आहे : ‘येसू’ या नावाचा उगम, त्याचा जुना वापर आणि आज ते मुलीला ठेवण्याबाबत

पालशेतकरणीची पणती

नमस्कार. माझ्या भावाला गेल्या महिन्यात मुलगी झाली असून तिचे नाव ‘येसू’ ठेवावे, असे त्याच्या आणि वहिनीच्या मनात आहे. बारसे गणपतीत, मुंबईची मंडळी गावी आल्यावर करायचे ठरले आहे. या नावावरून घरात सरळ दोन तट पडले आहेत, आणि बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्या म्हणून माझा असल्यामुळे दोन्ही तट तूर्त आपापले म्हणणे माझ्याच कानात सांगत आहेत. त्यासाठी जाणकारांची मदत हवी आहे.

येसू हे माझ्या पणजीचे नाव. आमचे घर गुहागर तालुक्यात आहे. वडिलांच्या लहानपणीच पणजी गेली, त्यामुळे तिच्याविषयी जे काही हाती आहे ते कागदांवरून आणि वस्तूंवरून, आणि त्यांचा एकमेकांशी मेळ बसत नाही. जमिनीच्या जुन्या फेरफारात वारस म्हणून तिचे नाव ‘लक्ष्मी’ असे आहे, तर ग्रामपंचायतीच्या मृत्यूनोंदीत ‘यशोदा’ असे आहे. माळ्यावर मात्र तिच्या लग्नात माहेरून आलेली पितळेची कळशी आहे, आणि तिच्या गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांनी ‘येसू’ असे नाव घातलेले आहे. चिंचेने घासून घासून ‘ये’वरची मात्रा निम्मी पुसली गेली असली, तरी ‘सू’ अजूनही स्वच्छ वाचता येतो. गावात मात्र तिला यांपैकी कोणत्याच नावाने कोणी हाक मारीत नसे. माहेर पालशेतचे, म्हणून ती सगळ्यांची पालशेतकरीण.

आईचा या नावाला विरोध आहे. तिच्या मते येसू हे मुळात नावच नव्हे, ते यशोदेचे घरगुती रूप आहे, तेव्हा ठेवायचेच असेल तर सरळ यशोदा ठेवावे. मुंबईच्या शाळेत मुले ते ‘येशू’ असे ऐकतील, ही तिची दुसरी भीती. तिसरा आक्षेप ती हळू आवाजात घेते : असली नावे भातलावणीला येणाऱ्या बायकांची असत. हा आक्षेप मला मुळीच मान्य नाही, परंतु हे नाव नाहीसे होण्यामागे हीच भावना असावी, असा संशय मात्र येतो. यात भर म्हणून शेजारचे एक काका ठामपणे सांगतात की, येसकर, म्हणजे वेशीचा राखणदार, जसा वेशीवरून आला, तशीच येसूही वेशीवरून आली.

तेव्हा हे स्वतंत्र नाव आहे की नुसते लाडाचे रूप, आपल्या किनारपट्टीवर ते कितपत प्रचलित होते आणि मागे का पडले, हे कोणी साधार सांगू शकेल का? शिवाय जन्मदाखल्यावर येसू लिहावे की यशोदा, याविषयीही अनुभवी मंडळींचा सल्ला हवा आहे.

शास्त्री पुलापलीकडचा

ताई, तुमच्या आईंचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. यशोदा म्हणजे यश देणारी. बोली मराठीत शब्दारंभीच्या ‘य’चा अनेकदा ‘ये’ होतो आणि ‘श’चा ‘स’ होतो. यमुनेची येमुना आणि यशवंताचा येसवंत आपण खेड्यापाड्यांत आजही ऐकतो. त्याच वाटेने यशोदेची येसोदा झाली, आणि सखू, रखू, ठकू यांच्याप्रमाणे ऊकारान्त हाक होऊन तिची येसू झाली. बाबाराव सावरकरांच्या पत्नी यशोदाबाई घरात येसूवहिनी म्हणून ओळखल्या जात, हे या जोडीचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण होय.

परंतु रूप लाडाचे आहे म्हणून ते नाव नव्हे, हा निष्कर्ष मात्र टिकत नाही. छत्रपती संभाजी महाराजांच्या पत्नी महाराणी येसूबाई या शृंगारपूरच्या शिर्क्यांच्या कन्या, आणि शृंगारपूर हे आमच्या संगमेश्वर तालुक्यातले, सह्याद्रीच्या पायथ्याचे गाव. म्हणजे या नावाची इतिहासातली सर्वांत थोर स्त्री कोकणातलीच आहे. फेब्रुवारी १६८९ मध्ये महाराज पकडले गेले तेही संगमेश्वरीच. त्यानंतर येसूबाईंनी राजारामांना रायगडाबाहेर पडू दिले आणि गड लढवीत ठेवला; त्याच वर्षी गड पडल्यावर त्या बाल शाहूंसह मोगलांच्या कैदेत गेल्या आणि १७१९ मध्ये, म्हणजे सुमारे तीस वर्षांनी, दिल्लीहून परत आल्या. एवढ्या काळाच्या इतिहासात त्यांचा उल्लेख येसूबाई असाच होतो. त्यांना यशोदाबाई म्हटलेले निदान माझ्या तरी वाचनात नाही. त्यांचे माहेरचे नाव जिऊबाई होते असेही सांगितले जाते. ते खरे असेल, तर येसू हे सासरी विचारपूर्वक ठेवलेले नाव ठरते आणि लाडाच्या हाकेचा प्रश्नच उरत नाही.

पुरुषांच्या नावांत हेच ‘येस’ येसाजीत दिसते. शिवकालातले येसाजी कंक सर्वांना माहीत असतात, पण आपल्या किनाऱ्याच्या दृष्टीने कान्होजी आंग्र्यांचे पुत्र येसाजी अधिक जवळचे. ‘यशाजी’ असे नाव कोणी लिहीत नाही आणि येसाजीला कोणी अपूर्णही म्हणत नाही. मग मुलीच्याच नावाला हा न्याय का लावायचा?

शेजारच्या काकांना माझा नमस्कार सांगावा. येसकर आणि येसण हे शब्द वेस आणि वेसण यांवरून आले आहेत हे खरे, कारण बोलीत ‘वे’चा ‘ये’ होतो. तथापि मुलीचे नाव गावाच्या वेशीवरून ठेवण्याची पद्धत कुठे दिसत नाही आणि येसाजी तर त्या व्युत्पत्तीत मुळीच बसत नाही.

दप्तरी

कागदपत्रांच्या बाजूने लिहितो. ग्रामपंचायतीच्या नोंदवह्यांशी माझा बराच संबंध आला आहे. नावांच्या लोकप्रियतेची वर्षवार आकडेवारी काही देशांत सरकारच प्रसिद्ध करते, तशी आपल्याकडे होत नाही, त्यामुळे आपल्यालाच मोजावे लागते. सर्वांत सोपे साधन म्हणजे गावाची मतदार यादी. तीत नावापुढे वय असते. वयाच्या उतरत्या क्रमाने स्त्रियांची नावे वाचत गेलात, तर वर लक्ष्मी, पार्वती, द्रौपदी, अनुसया अशा नावांची गर्दी दिसेल, मग सुनीता, संगीता, सुरेखा येतील आणि शेवटी प्रियांका, पूजा, स्नेहल. येसू मात्र यादीत अगदी वरच्या वयातही क्वचितच सापडेल. त्याचे कारण असे की, नाव सांगणारी व्यक्ती येसू म्हणे आणि लिहिणारा ‘शुद्ध’ करून यशोदा लिही. गुरुजी, तलाठी, ग्रामसेवक या सर्वांनी हे सद्भावनेने केले आहे. म्हणून यादीतल्या प्रत्येक यशोदेच्या घरी जाऊन तिला माहेरी काय म्हणत, हे विचारल्याखेरीज खरा आकडा कळणार नाही.

कोतवाल बुक म्हणून ओळखली जाणारी जन्ममृत्यूची जुनी नोंदवही त्याहून मोलाची, कारण तिच्यात पुष्कळदा कानावर पडले तसे लिहिलेले असते. जुनी पाने मोडी लिपीत असतील तर मोडी वाचणारा माणूस लागेल. शाळेचे जनरल रजिस्टरही पाहावे, परंतु तुमच्या पणजींच्या पिढीतल्या फारच थोड्या मुली शाळेत गेल्या.

स्त्रीच्या नावाची ही हेळसांड केवळ कोकणातली नाही. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून वगळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको किंवा तमक्याची आई एवढेच सांगितले होते. त्यांतल्या बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतल्या होत्या हे खरे, पण आपली पालशेतकरीण त्यांच्यापासून फार लांब नव्हती. तुमच्या फेरफारातली ‘लक्ष्मी’ हे बहुधा ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहिलेले सासरचे नाव असावे. ते जमिनीच्या कागदावर राहिले, हाकेत मात्र कधीच रुळले नाही.

आता दाखल्याविषयी. जन्माची नोंद २१ दिवसांत करावयाची असते, परंतु ती नावाशिवायही करता येते. नाव बारा महिन्यांच्या आत दिल्यास शुल्क लागत नाही. त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत ते नोंदवता येते. तेव्हा गणपतीपर्यंत थांबण्यात काही बिघडत नाही. मात्र १ ऑक्टोबर २०२३ पासून किंवा त्यानंतर जन्मलेल्यांचा जन्मदाखला शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंत सगळीकडे आधारभूत मानला जातो, म्हणून दाखल्यावर यशोदा आणि घरात येसू असे दुहेरी करू नये. जे नाव खरोखर वापरणार, तेच लिहावे.

वेंगुर्ल्याची, सध्या कोची येथे

येशू आणि येसू यांचा उगम एक नाही. येशू हे हिब्रू नावाचे मराठी रूप आहे आणि येसूचे मूळ संस्कृत ‘यशस्’मध्ये आहे. महाराष्ट्रात ‘शू’ आणि ‘सू’ यांतला फरक ऐकू येतो, त्यामुळे तिथे फारशी अडचण येणार नाही. परंतु इकडे दक्षिणेत पुष्कळ ठिकाणी ख्रिस्ताला येसू असेच म्हणतात. गायक येसुदासांच्या नावात तोच शब्द आहे. पुढेमागे मुलगी इकडे शिकायला आली, तर तिला हे पहिल्याच दिवशी समजावून सांगावे लागेल. ही अडचण मी लपवत नाही, पण तेवढ्यासाठी नाव सोडावे असेही मला वाटत नाही.

आणखी एक निरीक्षण. सईबाईंचे नाव ‘बाई’ गळून नुसते सई झाले आणि आज घरोघरी आहे. जिजा, रमा, मुक्ता याही परतल्या. पुतळा आणि येसू मात्र परतल्या नाहीत. सईला गावंढळ म्हणणारे आता कोणी उरले नाही, म्हणजे दोष नावात नव्हता. दोन अक्षरी, जोडाक्षर नसलेले आणि इतिहास असलेले नाव आजच्या आईबापांना हवेच असते. संभाजी महाराजांवरच्या मालिकांमुळे आणि चित्रपटांमुळे येसूबाई हे नाव लहान मुलांच्याही तोंडी आले आहे. आईंच्या तिसऱ्या आक्षेपाचे उत्तर यातच आहे असे मला वाटते.

पालशेतकरणीची पणती

सर्वांचे मनापासून आभार. शृंगारपूरचा उल्लेख आईला वाचून दाखवला, ती म्हणाली, “महाराणीचे नाव असेल तर माझे काही म्हणणे नाही.” लावणीच्या बायकांविषयी मी तिच्याशी अजून भांडते आहे, पण तो या धाग्याचा विषय नव्हे. दाखल्यावर येसू असेच लिहायचे, हे भावाने आणि वहिनीने दप्तरी यांचे उत्तर वाचून निश्चित केले.

एक काम मात्र राहिले आहे. पालशेतच्या बाजूची जुनी नोंदवही पाहायला मिळाली असून पणजीच्या जन्माच्या सुमाराची पाने मोडीतच आहेत. गुहागर, चिपळूण किंवा दापोली परिसरात मोडी वाचणारे कोणी असल्यास कृपया इथे कळवावे. दोन पानांची छायाचित्रे मी लगेच पाठवू शकेन.