जुन्या नाशकातली बाजारपेठ सावरताना : कामाचे अनुभव

धागाकर्ता
मेन रोड, दहीपूल, सराफ बाजार, भांडी बाजार, बोहोरपट्टी, रविवार कारंजा. हा पट्टा नीट करायची चर्चा दर सिंहस्थाआधी होते. २०२७ जवळ आलंय, म्हणून ती परत सुरू आहे. या गल्ल्यांमधल्या कामांची माहिती असलेल्यांनी इथे लिहावं. मापं द्या, कामाचा क्रम द्या, कुठे फसतं ते सांगा. ‘गिऱ्हाईक कॉलेज रोडला गेलं’ एवढंच लिहायचं असेल तर त्यासाठी वेगळा धागा काढा.

पातळीमाप
रंगरंगोटी राहू द्या, आधी लेव्हल घ्या. दर दहा मीटरवर रस्त्याचा मध्य, दोन्ही कडा आणि एकूण एक दुकानाचा उंबरा. सगळं माप उंबऱ्यापासून धरायचं, कारण तो हलवता येत नाही. जुना डांबरी थर न खरवडता वर २०० मिमी काँक्रीट ओतलं की रस्ता जोत्याच्या वर जातो आणि वळवाच्या सरीलाही पाणी आत शिरतं. रस्त्याची तयार कड उंबऱ्याच्या निदान १५० मिमी खाली हवी, आडवा उतार ५० ला १. फार खाली गेलात तर दुसरंच दुखणं : दारापुढे पायऱ्या येतात, त्या पदपथ खातात, आणि वाड्याचा उथळ दगडी पाया उघडा पडतो.

काँक्रीटआधी पाणी, ड्रेनेज, केबल सगळं खाली जाऊ द्या. शिवाय दर २५-३० मीटरवर ११० मिमीचे दोन रिकामे पाइप आडवे टाकून ठेवा. तेवढे नसले तर पुढच्या वर्षी नवी केबल टाकायला काँक्रीट फोडणारा ब्रेकर येतोच. सांधे साधारण साडेचार मीटरवर, ओतल्यापासून ६ ते १८ तासांत, जाडीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याइतके खोल कापायचे. ठेकेदार ‘उद्या कापू’ म्हणाला तर स्लॅब स्वतःच्या मनाने तडकतो. पेव्हर (फरसबंदीचे सिमेंट ब्लॉक) घालायचे तर हातगाडी-टेम्पोच्या गल्लीत ८० मिमी, तिरक्या विणीत. ६० मिमीचे फक्त पायी चालण्यासाठी. पॉलिश ग्रॅनाइट तर नकोच, पहिल्या पावसात माणसं आपटतात.

जोत्याखाली
वरच्याला जोडून. सराफ बाजारात पाणी दोन वाटांनी येतं. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की गोदा चढते, हे सगळ्यांना दिसतं. न दिसणारी वाट म्हणजे पेठेखालून जाणारा सरस्वती नाला. नदी चढली की नाल्याचं तोंड दाबलं जातं आणि शहरात पडलेला पाऊस चेंबरमधून उलटा वर येतो. म्हणजे घाटाकडे कितीही उंच भिंत बांधा, निम्मा प्रश्न तसाच राहतो. तोंडाशी एकाच बाजूला उघडणारी झडप हवी, आणि झडप मिटलेली असताना आतलं पाणी उपसायला पंप हवा. झडपेत प्लास्टिक किंवा फांदी अडकली की ती अर्धी उघडी राहते, म्हणून मे महिन्यात तिथला गाळ काढणं ठरलेलं हवं. निर्माल्याच्या दिवसांनंतर परत एकदा.

दुकानाच्या दाराला सरकत्या अ‍ॅल्युमिनियमच्या फळ्या चांगल्या, पण ६०-७५ सेंमीपर्यंतच. एक मीटर उंचीचं पाणी दर मीटर रुंदीला सुमारे ५०० किलो रेटा देतं, आणि जुनी विटांची भिंत तो सोसायला बांधलेली नसते. त्यावर पाणी गेलं तर आत येऊ द्यावं, भिंत तरी वाचते. मोरी आणि संडासाच्या पाइपला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) नसेल तर फळ्या लावून उपयोग नाही, पाणी आतूनच येतं. आणि गोदेच्या पात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती किती बुडाली ते बघून माल वर चढवायची जुनी रीत मोडू नका. पण मारुती नदीचं सांगतो, नाल्याचं नाही.

मीटरपेटी
मीटर आणि मुख्य बोर्ड आठवणीतल्या सर्वांत मोठ्या पुराच्या खुणेच्या वर. तळघराचं सर्किट वेगळं, त्याला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच. एसी वाढवताना मंजूर भार वाढवत नाहीत, न्यूट्रल तापतो, आणि सागवानी माळ्यात आग तिथूनच लागते.

चुनाभट्टी
वाड्यांबद्दल. विटा, माती, चुना आणि सागाचा सांगाडा. त्यावर सिमेंटचा गिलावा मारला की ओल आत कोंडते, क्षार फुगून पापुद्रे सुटतात आणि भिंतीतला खांब कुजतो. चुना किमान १५ दिवस भिजवलेला, एकास तीन वाळू, एका हाताला १०-१२ मिमीपेक्षा जाड नाही. मधले दिवस ओलं पोतं. घाई असेल तर चुन्याच्या वाटेला जाऊ नये.

खांब वरून ठणठणीत दिसतो, कुजतो तळाशी. पेचकस टोचून बघा. खालचा फूट-दीड फूटच गेला असेल तर तेवढाच कापून नव्या सागाचा तिरका जोड द्या. त्याआधी दोन्ही मजल्यांना टेकू, आणि जॅक एका वेळी दोन-तीन मिमीच. एकदम उचललंत तर वरच्या मजल्याच्या गिलाव्याला भेगा. खांबाभोवती काँक्रीटचा मोजा घालतात, तो तर मारकच, ओल त्यातच साठते.

दर्शनी भागासाठी सगळ्यांत स्वस्त काम म्हणजे फ्लेक्सचे सांगाडे उतरवणं. मागे नक्षीची तुळई निघते, कबुतरांची घरटीही निघतात.

पागडीपट्टा
@चुनाभट्टी, लाकूड कळलं, पण मालक-भाडेकरूंचं काय? बहुतेक वाडे तिथेच अडतात. पागडीला, म्हणजे जागा घेताना मालकाला दिलेल्या एकरकमी रकमेला, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात जागा आहे, तेव्हा लेखी पावती हवीच. धोकादायक म्हणून इमारत पाडली तर भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तसं म्हटलंय. मात्र जागा किती होती हे नंतर कोण सांगणार? पाडकामाआधी प्रत्येक गाळ्याचं चटई क्षेत्र मोजून, नकाशावर मालक, भाडेकरू आणि अभियंता तिघांच्या सह्या. पोटमाळा वेगळा दाखवा, भांडण त्याच्यावरूनच होतं.

ओटेवाला
पथविक्रेत्यांना हलवायचं तर २०१४ च्या कायद्याप्रमाणे ३० दिवसांची नोटीस लागते, आणि नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के जागा विक्रेत्यांच्या. हे कागदावर सगळ्यांना पाठ असतं. मंडई बांधताना चुकतं ते वेगळं : पहिल्या मजल्यावर भाजी विकत नाही. ओटे जमिनीलगत, तोंड पायवाटेकडे, प्रत्येक रांगेत पाण्याचा नळ आणि गटार. गिऱ्हाईक ज्या वाटेने देवळात किंवा स्टँडकडे जातं त्या वाटेवर मंडई नसेल तर ओटे रिकामे राहतात आणि टोपल्या परत रस्त्यावर.

पदपथ निदान १.८ मीटर मोकळा हवा. मोकळा म्हणजे खांब, विजेची डीपी पेटी, पुतळ्याचं कुंपण वगळून. फेरीवाल्याची पट्टी त्याच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला.

पातळीमाप
@ओटेवाला, सहमत. पण सरदार चौकासारख्या अरुंद, उताराच्या जागी ती पट्टीही नको. २००३ च्या सिंहस्थातली चेंगराचेंगरी तिथलीच. आणि माल उतरवायची वेळ सकाळी दहाच्या आत ठरवून घ्या. नाहीतर टेम्पो पदपथावर चढतो आणि ६० मिमीचे पेव्हर वर्षभरात खचतात.