भूचुंबकीय स्थानावरून भौगोलिक स्थान काढताना इंदूर अटलांटिकमध्ये जाते

प्रश्न (विद्यार्थिनी, इंदूर)

सर्वांना नमस्कार. आयनोस्फियरमधील (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरातील) इलेक्ट्रॉन-घनतेची काही निरीक्षणे मला भूचुंबकीय अक्षांश-रेखांशांत, म्हणजे भौगोलिक ध्रुवाऐवजी भूचुंबकीय ध्रुव धरून मोजलेल्या, मिळाली असून ती नेहमीच्या नकाशावर मांडायची आहेत. चुंबकीय विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना इलेक्ट्रॉनांची जी दाटी होते, तिचे उत्तरेकडील शिखर आमच्या इंदूरच्या आसपास येते, म्हणून स्थान बिनचूक असणे मला महत्त्वाचे वाटते. पायथनमध्ये मी २०२० सालचा भूचुंबकीय ध्रुव, म्हणजे पृथ्वीला एक सरळ चुंबक मानले तर त्याच्या अक्षाचे उत्तरेकडचे टोक, घेतला (भूकेंद्री, म्हणजे पृथ्वीच्या केंद्राशी मोजलेला, अक्षांश ८०.५९ उत्तर, रेखांश ७२.६८ पश्चिम). गोलीय त्रिकोणमितीने आधी अक्षांश काढला, मग ध्रुवाच्या रेखावृत्तापासूनचा कोन आर्कसाइनने काढून तो ध्रुवाच्या रेखांशात मिळवला. पडताळणीसाठी इंदूरचे भूचुंबकीय स्थान, म्हणजे १४.४८ उत्तर व १५०.१५ पूर्व, दिले असता उत्तर २२.५८ उत्तर आणि ४१.२२ पश्चिम असे येते. अंश व रेडियन यांची अदलाबदल झालेली नाही, हे पाहिले आहे. अक्षांश जवळपास जुळतो, मग रेखांशच एवढा का चुकावा?

उत्तर (वडोदरा)

आपल्या आकड्यांतच कारण दिसते. ७२.६८ पश्चिमेपासून ४१.२२ पश्चिमेपर्यंतचा कोन ३१.४६ अंश भरतो, तर इंदूरच्या खऱ्या रेखांशापर्यंतचा, म्हणजे ७५.८६ पूर्वेपर्यंतचा, १४८.५४ अंश. या दोहोंची बेरीज नेमकी १८० होते आणि दोघांचे साइन एकच असते. आर्कसाइन नेहमी उणे ९० ते अधिक ९० यांमधलेच उत्तर देते, त्यामुळे कोन दुसऱ्या चरणात असला तरी ते आपल्याला पहिल्या चरणातला कोन हाती देते.

माझ्या मते कोनांची सूत्रे सोडून सदिश वापरणे सर्वांत सुरक्षित. भूचुंबकीय स्थानाचे एक्स, वाय, झेड असे तीन घटक करा, वाय-अक्षाभोवती ९.४१ अंश असे फिरवा की झेड-अक्ष एक्सकडे कलेल. मग झेड-अक्षाभोवती उणे ७२.६८ अंश फिरवा. शेवटी अक्षांश झेडच्या आर्कसाइनने घ्या (तिथे ते चालते, कारण अक्षांश ९० च्या पलीकडे जातच नाही) आणि रेखांश वाय व एक्स हे दोन्ही घटक देऊन एटॅन-टू या फंक्शनने, जे दोन्ही घटकांची चिन्हे पाहून योग्य चरण निवडते. साधे एटॅन इथे विशेष फसवे आहे: अंतिम घटकांवर ते इंदूरसाठी बरोबर उत्तर देईल, पण ९१.८८ पूर्वेवरच्या शिलाँगला ८८.१२ पश्चिमेला नेऊन ठेवील. म्हणून पडताळणीला एकच गाव पुरत नाही. भूचुंबकीय ८०.५९ उत्तर, १८० रेखांश हा बिंदू द्या. उत्तर भौगोलिक उत्तर ध्रुवच यायला हवे. शून्य अंशाचे भूचुंबकीय रेखावृत्त भौगोलिक दक्षिण ध्रुवाकडे जाते, आणि चिन्हांची गफलत याच चाचणीत उघडी पडते.

प्रश्नकर्ती

मनापासून आभार. एटॅन-टू वापरल्यावर रेखांश ७५.८६ पूर्व आला आणि ध्रुवाची चाचणीही जुळली. अक्षांश मात्र २२.५८ च राहतो, नकाशात तो २२.७२ आहे.

उत्तर (ग्वाल्हेर)

तो फरक चुकीचा नाही, ताई. फिरवण्याची क्रिया भूकेंद्री अक्षांश देते, तर नकाशे चपट्या लंबगोलावरचा अक्षांश छापतात. भूपृष्ठावर भूकेंद्री अक्षांशाच्या टॅनला ०.९९३३०५६ ने भागून आर्कटॅन घ्या, म्हणजे २२.७२ मिळेल. ०.१४ अंश म्हणजे सुमारे १५ किलोमीटर. मोठ्या प्रदेशाच्या नकाशात ते खपेल, एखाद्या निरीक्षण केंद्राशी तुलना करताना नाही. ध्रुवाचेही तसेच: २०२० साठी पुष्कळ ठिकाणी ८०.६५ छापलेले दिसेल, तो हाच ध्रुव लंबगोलावर मोजलेला आहे.

दोन गोष्टी मात्र निरीक्षणे देणाऱ्यांना विचारून घ्याच. ध्रुव कोणत्या सालचा धरला होता? १९०० मध्ये तो सुमारे ७८.७ उत्तर, ६८.८ पश्चिम येथे होता. आणि हे अक्षांश खरोखर द्विध्रुवाचे (म्हणजे पृथ्वीला सरळ चुंबक मानून काढलेले) आहेत, की प्रत्यक्ष चुंबकीय बलरेषांवरून काढलेले क्वासी-डायपोल प्रकारचे? दुसऱ्या प्रकारात हे फिरवणे लागूच पडत नाही. त्यासाठी पायथनमध्ये एपेक्सपाय हे पॅकेज आहे, आणि त्याला तारीख व उंचीही द्यावी लागते.