नानांची कोलोस्टोमी बॅग सारखी सुटते, त्यांना स्वतः बदलायला कसं शिकवू?

चोपड्याचा_पोरगा:
नमस्कार मंडळी. नानांचं गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, डाव्या बाजूला कोलोस्टोमी आहे, म्हणजे मोठ्या आतड्याचं तोंड पोटावर काढलंय, मळ तिथे लावलेल्या बॅगेत जमतो. सिस्टरने एकदा भरभर दाखवलं न दिला डिस्चार्ज. बॅग मीच बदलतो, नाना तोंड फिरवून पडून राहतात, तिकडे बघतच नाहीत. त्यात हे आपल्याकडचं ऊन, घामाने बॅगेची कातडीला चिकटवायची प्लेट कडेने सुटते, पायजमा खराब होतो मग ते जेवणच सोडतात. भाचीच्या लग्नाला भुसावळला येत नाही म्हणतात. मला पुण्याला कामावर जायचंय, आई एकटी, पुसताना थोडं रक्त दिसलं तरी ती घाबरते.

वॉर्डवाली_ताई, जळगाव:
दादा, स्टोमा (पोटावरचं आतड्याचं तोंड) पुसताना थेंबभर रक्त येतं, ते आतड्याचंच नाजूक अस्तर आहे. लालगुलाबी आणि ओलसर म्हणजे चांगलं. काळपट, जांभळं पडलं किंवा रक्त थांबेना तर मात्र लगेच डॉक्टर. स्टोमाला हात लावला तरी दुखत नाही, तिथे दुखण्याच्या नसाच नसतात, हे नानांना त्यांच्याच बोटाने कळू द्या, सांगून पटत नाही.
सुटण्याचं म्हणाल तर आधी प्लेटचं भोक मोजा. पहिले ६ ते ८ आठवडे स्टोमा आकसतो आणि लोक जुन्याच मापाने कापत राहतात, मग मधल्या उघड्या कातडीवर मळ लागून ती सोलते न प्लेट चिकटत नाही. स्टोमापेक्षा २-३ मिमी मोठं, बस. धुवायला नुसतं कोमट पाणी. डेटॉल नको, आणि खोबरेल तर अजिबात नको (घरातल्या बायका मायेने लावतात आणि मग प्लेट काही केल्या बसत नाही). कातडी पूर्ण कोरडी, केस असले तर कात्रीने बारीक करा, प्लेट तळहातात गरम करून लावा न मिनिटभर हात दाबून ठेवा.

शिरपूर_शेतकरी:
मला इलिओस्टोमी (लहान आतड्याचं तोंड पोटावर) होती म्हणून माझं पातळ जायचं, उन्हाळ्यात ओआरएस शिवाय भागायचं नाही, नानांचं तेवढं नसेल. पण भो तू बदलणं बंद कर. पहिले फक्त रिकामी करायला लाव, एक तृतीयांश भरली की लगेच, जड होऊ दिली की वजनानेच ओढते. भारतीय संडास असेल तर शेजारी स्टूल टाका आणि भांड्यात आधी पाणी ओता, शिंतोडे उडत नाहीत. मग आरशासमोर उभं राहून बदलणं. सकाळी चहाच्या आधी, तेव्हा पोट शांत असतं. आणि पायजम्याचा नाडा बघ कुठं येतो, माझा नेमका प्लेटवरच यायचा, वर बांधायला लागलो तेव्हा अर्धी भानगड मिटली.

भरीत_प्रेमी:
लग्नात भरीत-पुरी खाऊ द्या की नानांना 😄 फक्त शेवभाजी जपून, बेसनाने गॅस होतो न बॅग फुगते. हे दोन्ही पदार्थ आधी घरी थोडं थोडं खाऊन बघा. ताक चालतं, वासही कमी येतो.

चोपड्याचा_पोरगा:
ताई, भोक खरंच जुन्या मापाचं निघालं, बरंच मोठं. आज नानांनी स्वतः रिकामी केली, मला बाहेर थांबवून, आतून शिव्याही देत होते. लग्नाला नेताना काय काय घेऊ?

वॉर्डवाली_ताई, जळगाव:
शिव्या देताहेत म्हणजे बरंय 🙂 दोन प्लेट भोक आधीच कापून, बॅगा, मऊ कापड, पाण्याची बाटली, कचऱ्याला काळ्या पिशव्या, एक पायजमा. हे सगळं सोबतच्या थैलीत, गाडीच्या डिकीत नको, ४५ डिग्रीत प्लेटचा चिकटपणा वितळतो. आणि कातडी आधीच सोलली असेल तर स्टोमा पावडर शिंपडा, जास्तीची झटकून मग प्लेट लावा. तरी सुटत असेल तर स्टोमा क्लिनिकला दाखवा, मुंबईला टाटा मेमोरियलमध्ये आहे. पोटाची वळी जिथे पडते तिथे पेस्ट भरावी लागते, ती वळी नाना बसलेले असताना बघावी लागते, झोपून कळत नाही.