रोझा बोनर यांच्या नांगरणीच्या चित्रावरून बैलजोडी रंगवताना

प्रश्न (कुंचला)
फ्रेंच चित्रकार रोझा बोनर (1822–1899) यांचं 1849 चं निव्हर्ने (फ्रान्समधला एक प्रांत) इथल्या नांगरणीचं चित्र समोर ठेवून पोळ्याच्या प्रदर्शनासाठी तैलचित्र करायचंय, नागपुरातच. मूळ चित्र 134 × 260 सेंमी, माझा कॅनव्हास निम्मा. बैल मात्र आपले विदर्भातल्या गवळाऊ जातीचे. खाक्यात बैल ओढत नाहीत, नुसते उभे दिसतात. आणि काळी माती सपाट दिसते.

वखर
जू बघा आधी. युरोपच्या बैलाला वशिंड नसतं आणि फ्रान्समध्ये जू शिंगांना बांधायची रीत होती, म्हणून तिथं जोर डोक्यातून येतो. आपलं जू मानेवर, वशिंडाला टेकून. ओढताना वशिंडापुढच्या कातडीला घड्या पडतात, मान पुढे ताणते, डोकं खाली जातं, मागचा खूर मातीत रुततो. पुढच्या पायांवर भार दिसला नाही की बैल उभाच वाटणार. गवळाऊचं डोकं लांबट, शिंगं आखूड. खिलार जातीची लांब शिंगं लावू नका!

बोनर कत्तलखान्यात जाऊन स्नायू-हाडं अभ्यासत. पुढे घोडेबाजाराच्या चित्रासाठी दीड वर्ष आठवड्यातून दोनदा पॅरिसच्या बाजारात जाऊन रेखाटनं केली, तीही पुरुषी कपड्यांची पोलीस परवानगी काढून. तुम्ही डवरणीच्या (उभ्या पिकाच्या ओळींमधल्या कोळपणीच्या) वेळी शेतावर जा. पोळ्याच्या दिवशी अंगावर झूल असते, पाठ आणि खुबे दिसतच नाहीत.

बर्डीकर
मातीसाठी ट्यूबमधला काळा नको. तो सावकाश वाळतो, वरचा थर आधी वाळून तडकतो. बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) दोन भाग, अल्ट्रामरीन (गडद निळा) एक भाग, पहिला थर टर्पेंटाइनने पातळ. ओल्या काळ्या मातीचा फाळाने कापलेला भाग चकाकतो, त्यावर आभाळाचा निळसर राखाडी रंग येतो. तो लावल्याशिवाय ढेकळाला जाडी येत नाही. बोनर यांनी पुढचा जवळजवळ सगळा भाग उलथलेल्या तासांना (नांगराच्या सऱ्यांना) दिलाय, त्यामुळे नांगर किती जड आहे ते कळतं. ती जागा कापू नका. पांढऱ्या बैलाच्या सावलीत रॉ अंबर आणि किंचित अल्ट्रामरीन.

कुंचला
धन्यवाद! जू चुकलंच होतं. खालचा थर मैत्रिणीकडून करून घेतला तर चालेल का?

वखर
खुशाल. लंडनच्या नॅशनल गॅलरीत घोडेबाजाराची लहान प्रत आहे, तिचा पाया बोनर यांच्या मैत्रीण नाताली मिकास यांनी घातला आणि बोनर यांनी ती पुरी केली. मात्र खाका तुमच्याच हातचा हवा.

तैलरंग
एक राहिलं. कूलरच्या झोतात कॅनव्हास ठेवू नका. सरस लावलेलं कापड ओल धरून ढिलं पडतं. चौकटीला मधली आडवी पट्टी घाला. प्रत्येक थरात आधीपेक्षा जास्त जवसाचं तेल. जाड ढेकळांवर शेवटचं वार्निश सहा महिन्यांआधी नको, प्रदर्शनापुरतं रिटच वार्निश (पातळ, तात्पुरतं वार्निश) मारा.