फेरीबोटीवरून मोजलेली ॲक्शन किनाऱ्यावरून मोजल्यास वेगळी का येते?

प्रश्न – खाडीकाठ

मी पदार्थविज्ञानाच्या पदव्युत्तर वर्गात शिकते आणि दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीने नेहमी जाते. परवा मासळीच्या टोपलीतून निसटलेला बर्फाचा तुकडा ओल्या डेकवरून बोटीच्या पुढच्या दिशेने घसरत गेला, आणि तो पाहून मी घरी एक गणित मांडले. तुकडा १ किलोचा, डेकवरचा त्याचा वेग सेकंदाला २ मीटर, बोटीचा वेग सेकंदाला ३ मीटर, काळ ४ सेकंद. घर्षण धरलेले नाही. डेकवरून पाहता लॅग्रांजियन, म्हणजे गतिज ऊर्जा उणे स्थितिज ऊर्जा, येथे नुसती गतिज ऊर्जा उरते, ती २ ज्यूल; म्हणून ॲक्शन, म्हणजे लॅग्रांजियनची काळावरची बेरीज, ८ ज्यूल-सेकंद येते. जेट्टीवरून पाहता वेग ५ होतो, ऊर्जा १२.५ ज्यूल होते आणि ॲक्शन ५० येते. संथ चालणाऱ्या जहाजाच्या बंद खोलीत बसून जहाज चालते आहे की उभे आहे हे कळणार नाही, असे गॅलिलिओने १६३२ मध्येच दाखवून दिले होते. मग ज्या राशीवर सगळी यामिकी, म्हणजे गतीचे शास्त्र, उभी आहे, तीच दोन ठिकाणांहून इतकी वेगळी कशी येते?

उत्तर – निवृत्त शिक्षक, गुहागर

आपले दोन्ही आकडे बरोबर आहेत. त्यांच्यातला फरक ४२ आहे, आणि तो कशाचा बनला आहे हे पाहिले की शंका फिटते. दोन वेगांच्या बेरजेचा वर्ग उलगडला की मूळ गतिज ऊर्जेखेरीज दोन पदे उरतात. पहिल्या पदात बोटीचा वेग आणि तुकड्याचा वेग यांचा गुणाकार आहे; काळावर त्याची बेरीज केली की वस्तुमान, बोटीचा वेग आणि डेकवर कापलेले अंतर यांचा गुणाकार मिळतो, म्हणजे १ × ३ × ८ = २४. दुसऱ्या पदात फक्त बोटीचा वेग आहे; त्याचे अर्धा × ९ × ४ = १८ होतात. तुकडा कसा गेला हे या दोन्ही पदांना ठाऊकच नसते. तो कोठून निघाला, कोठे पोहोचला आणि किती वेळ लागला एवढ्यावरच ती ठरतात.

आता मुद्दाम एक वाकडा मार्ग घ्या. तुकडा पहिले २ सेकंद ३ च्या वेगाने आणि पुढचे २ सेकंद १ च्या वेगाने गेला, तरी ४ सेकंदांत ८ मीटरच होतात. डेकवरून या मार्गाची ॲक्शन ९ + १ = १० येते. जेट्टीवरून वेग ६ आणि ४ दिसतात, म्हणून ३६ + १६ = ५२ येते. फरक पुन्हा ४२! एकसमान गतीचा मार्ग दोन्हीकडून २ नेच स्वस्त, म्हणजे कमी ॲक्शनचा, ठरतो, आणि निसर्गाचा नियम याच तुलनेचा आहे: ठरलेल्या टोकांमधल्या मार्गांपैकी तुकडा येथे सर्वांत स्वस्त मार्ग धरतो. ॲक्शनच्या एकट्या आकड्याला अर्थ शोधण्याची सवय मी विद्यार्थ्यांत वर्षानुवर्षे पाहिली आहे, आणि ती मला फार घातक वाटते.

लॅग्रांजियन असा टोकांपुरताच बदलत असला, तरी एमी नोएथर यांचा १९१८ चा सिद्धांत लागू पडतो; गतीचे नियम जसेच्या तसे ठेवणाऱ्या प्रत्येक सलग बदलामागे एक अक्षय, म्हणजे काळानुसार न बदलणारी, राशी असते असे तो सांगतो. मात्र ही जादा पदे हिशेबात धरावीच लागतात. ती धरली की मिळणारी अक्षय राशी सांगते, की बाह्य बल नसलेल्या समूहाचे वस्तुमानकेंद्र एकसमान वेगाने सरकते.

उत्तर – हर्णैचा वाचक

सरांच्या उत्तराला एक पुरवणी जोडतो, कारण हे ४२ सापेक्षतावादात ज्या रीतीने नाहीसे होतात ती मला अत्यंत सुंदर वाटते. तेथे मुक्त कणाची ॲक्शन म्हणजे त्याच्या स्वतःच्या घड्याळातला काळ, वस्तुमान आणि प्रकाशवेगाचा वर्ग यांचा ऋण गुणाकार असतो, आणि कणाचे घड्याळ किती सेकंद दाखवते यावर दाभोळ आणि धोपावे यांचे दुमत होऊ शकत नाही. कमी वेगाला ही ॲक्शन दोन भागांत सुटते: एक आपली ओळखीची गतिज ऊर्जेची बेरीज, आणि दुसरा विराम-ऊर्जा (वस्तुमान गुणिले प्रकाशवेगाचा वर्ग) गुणिले निरीक्षकाचा काळ, उणे चिन्हासह. जेट्टीवरच्या माणसाला तीच घटना ४ सेकंदांहून किंचित अधिक, सुमारे ४.७ × १०⁻¹⁶ सेकंदाने लांबलेली दिसते. एवढ्याशा काळाला विराम-ऊर्जेच्या ९ × १०¹⁶ ज्यूलने गुणले की बरोबर ४२ वजा होतात. न्यूटनच्या यामिकीत काळ सर्वांना एकच मानल्यामुळे ही वजाबाकी आपल्या नजरेआड राहते.

खाडीकाठ

दोघांचेही मनापासून आभार. जेट्टी सोडताना बोट वेग घेत असते, तेव्हाही फरक फक्त टोकांचाच राहील का?

निवृत्त शिक्षक, गुहागर

नाही. बोटीचा वेग बदलू लागला की तो गुणाकाराचे पद पूर्णपणे टोकांवर ढकलता येत नाही. वस्तुमान, बोटीचे त्वरण आणि तुकड्याचे डेकवरील स्थान यांचा ऋण गुणाकार लॅग्रांजियनमध्ये मागे उरतो. तो मार्गावर अवलंबून असल्याने स्वस्त मार्गच बदलतो. बोट सुटताना उभ्या माणसाचा तोल मागे जातो, ते आभासी बल म्हणजे हेच उरलेले पद.