प्रतिसाद : हेल्मेटपुरता हा प्रश्न नाही

बांधकामावर मजूर मरतात त्याबद्दल 'मजूरच हेल्मेट घालत नाहीत, बिल्डर काय करणार,' असं इथे एकांनी लिहिलंय. २०१९च्या जूनमध्ये पुण्यातल्या कोंढव्यात भर पावसात शेजारच्या सोसायटीची सीमाभिंत मजुरांच्या पत्र्याच्या झोपड्यांवर कोसळली आणि १५ जण गेले, त्यात लहान मुलंही होती. ती माणसं रात्री झोपली होती. त्यांनी काय घालायला हवं होतं? झोपड्या भिंतीला खेटून कुणी उभ्या करायला लावल्या, हे विचारा.

२०१६मध्ये पुण्यातच बालेवाडीत स्लॅब भरताना तो कोसळून ९ मजूर गेले. ओल्या काँक्रीटचं वजन घनमीटरला साधारण अडीच टन असतं आणि ते सगळं टेकूंवर पेललेलं असतं. टेकू, सेंट्रिंग (काँक्रीट ओतायचा साचा) तपासणं इंजिनिअरचं काम आहे, घमेलं उचलणाऱ्याचं नाही. (सेफ्टी बेल्ट दिला तरी तो अडकवायला लाइफलाइन, म्हणजे पक्की बांधलेली दोरी लागते, ती किती साइटवर दिसते?)

भरपाईचंही ऐका. १९९६च्या कायद्याने बांधकाम खर्चावर १ टक्का उपकर कामगारांसाठी सुरू झाला. पण तो पैसा ज्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे जातो, तिथे नोंदणीला वर्षात किमान ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. पुण्यात वारज्याच्या मजूर अड्ड्यावरून रोज वेगळ्या ठेकेदाराबरोबर जाणाऱ्याला तो कोण लिहून देणार? नोंद नसेल, तर मागे राहिलेल्या बायकोला मंडळाची मदत मिळवणं फार कठीण जातं.

तुमच्या सोसायटीत रंगकाम निघालं, तर परांची बांधायच्या आधी ठेकेदाराकडून मजुरांची नोंदणी आणि विमा लेखी मागून घ्या.